इस्त्रीच्या बुडावरचे सतरा ओरखडे

आमची कोळशाची इस्त्री रिकामी असताना साडेचार शेर भरायची. मी ती एकदा वाण्याच्या काट्यावर घालून पाहिली होती. वाणी हसला, पण आकडा कळला. निखारे भरले की तिचे वजन पाव शेराने वाढे आणि मोठे नऊ निखारे असले तर खादीचे चार सदरे आणि दोन धोतरे एका भरण्यात निघत. दर गुरुवारी संध्याकाळी कचेरीतून आलो की मी जमिनीवर घोंगडी चौपदरी घालून इस्त्रीला बसत असे. हे काम मी बायकोवर टाकले नाही, कारण सदऱ्याच्या कॉलरची घडी मला माझ्या मापाने लागते.

इस्त्री मात्र तिची होती. माझ्या सासऱ्यांचे देवळीला कापडाचे दुकान. ही इस्त्री त्यांनी पंधरा वर्षे दुकानात वापरली आणि मग आम्हाला दिली. घरात सून असताना त्यांनी ती लेकीला दिली, याचा बोभाटा झाला होता. सुनेचाही इस्त्रीवर डोळा होता. म्हणून देताना सासरे सुनेच्या देखत लेकीला म्हणाले होते, "नीट सांभाळली नाई तर परत आणीन." तेव्हापासून इस्त्रीच्या बुडावर डाग पडू न देणे हा बायकोच्या अब्रूचा प्रश्न झाला होता. सासरे वर्षातून तीन-चारदा आमच्याकडे येत. आंघोळ झाली की स्वतःचे उपरणे स्वतः इस्त्री करत, पण त्याआधी इस्त्री उलटी करून बुडावर तळवा फिरवून पाहत.

पन्नास साल उलटून सात-आठ वर्षे झाली होती. नायलॉन वर्ध्याच्या बाजारात नुकते दिसू लागले होते. आमच्या मुलीने जत्रेतून नायलॉनच्या निळ्या रिबिनीचा एक जोड आणला होता. तिच्या शाळेच्या सुती रिबिनी मी दर गुरुवारी सदऱ्यांबरोबर इस्त्री करत असे, प्रत्येकी दीड हात लांब, दोन फेऱ्यांत सरळ. त्या गुरुवारी सुतीऐवजी निळी समोर आली. मी तिच्यावर पाणी शिंपडले आणि खादीवर टेकवतो तशी इस्त्री दाबून टेकवली.

रिबीन सरळ झाली नाही, नाहीशी झाली. घाणेरडा वास आला. इस्त्री उचलून पाहिली तर बुडाला दोन बोटे रुंद निळा-काळा थर बसलेला. मुलगी शेजारी होती. तिने सांगितले की दुकानदार बाईने इस्त्री करू नका म्हणून बजावले होते. मी विचारले, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुम्ही मोजत होता.

बायको परसात होती. ती येण्याआधी हे निस्तरावे म्हणून मी निखारे काढले, बूड गार होऊ दिले आणि सुरी घेतली. थर काचेसारखा कडक झाला होता. सुरीने जेवढा निघाला त्याच्या दुप्पट लोखंड खरवडले गेले. मग ओली वाळू घेतली आणि दोनशे हात मारले, एकही कमी नाही. दीड तासाने निम्मा थर तसाच होता आणि त्याच्याभोवती ओरखडे उठले होते. उजेडात धरून मोजले, सतरा भरले. त्यातले अकरा टोकापासून थेट मागच्या कडेपर्यंत.

बायको दारात कधी येऊन उभी राहिली ते मला कळले नाही. ती रिबिनीविषयी काही बोलली नाही. तिने आदल्या दिवशी आलेल्या वडिलांच्या पत्राची आठवण करून दिली.

"बाबा रविवारी येऊन राह्यले."

मी म्हणालो की त्यांना खरे ते सांगेन, चूक माझी आहे. ती खाली बसली, इस्त्री मांडीवर घेतली आणि शांतपणे म्हणाली, "तुमी सांगा नाईतर नका सांगू. तुमाले ते एक शब्द म्हणत नाईत. जवाई आहा तुमी. बोलणं मलेच बसते."

यात खोटे काही नव्हते. मागल्या दिवाळीत मी सासऱ्यांची छत्री मोटारीत विसरलो होतो. त्यांनी मला गूळपाणी दिले आणि लेकीला विचारले, नवऱ्याला छत्रीची आठवण करून द्यायला तुझे तोंड शिवले होते काय. जावयाला बोलायचे नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज. पण राग तर कुठे तरी गेलाच पाहिजे.

बुडावरचा थर शेवटी तिनेच काढला. दोनच निखारे घातले. पाण्याचा थेंब जेमतेम चरचरेल इतपत बूड तापले, तशी तिने गोणपाटाची घडी जमिनीवर ठेवून तिच्यावरून इस्त्री ओढली. मऊ झालेले नायलॉन तारेतारेने सुटून गोणपाटाला चिकटले. असे पाचदा केले. मग खडे मीठ कुटून जुन्या वर्तमानपत्रावर पसरले आणि त्यावर इस्त्री फिरवली. उरलेली निळी झाक गेली. शेवटी मेणबत्तीचा तुकडा फडक्यात गुंडाळून बुडावरून फिरवला आणि पुसून घेतला. सगळे मिळून चाळीस मिनिटे लागली. मी तिला म्हटले, हे मला आधी सांगायला हवे होतेस. ती म्हणाली, आधी विचारायला हवे होते.

डाग गेला, ओरखडे राहिले. माझ्या धोतराच्या काठावर फिरवून पाहिले तर दोन ठिकाणी सूत उचलले गेले. खादीचा धागा मुळातच जाडबारीक, तो ओरखड्यात अडकणारच.

रविवारी साडेनऊच्या मोटारीने सासरे आले. चहा झाला, आंघोळ झाली आणि त्यांनी इस्त्री मागितली. ती त्यांच्या हातात पडण्याआधी मी सगळे सांगून टाकले. रिबीन, सुरी, वाळू, दोनशे हात, सतरा ओरखडे. काही ठेवले नाही. ते इस्त्रीकडे बघत ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी तळवा बुडावरून फिरवला आणि लेकीकडे मान वळवली.

"घरात सुरी हाताशी कोण ठेवते?"

तिने उपरणे त्यांच्यापुढे आणून ठेवले.

"अन् पोरीले नायलॉन कायले घेऊन द्यावं?"

तेही तिने ऐकून घेतले. ते पुढे म्हणाले की इस्त्री आता देवळीलाच नेलेली बरी, सून जपून वापरील. तेव्हा ती बोलली. आवाज चढला नव्हता, पण इतके सरळ तिला वडिलांशी बोलताना मी त्याआधी ऐकले नव्हते.

"बाबा, सुरी माह्या हातात नव्हती. ज्याईच्या हातात होती ते तुमच्यापुढं बसून आहेत. त्याईले बोला."

"जवाईले बोलता येत नाई, बाई."

"मंग मलेही बोलू नका. अन् इस्त्री न्यायची तर न्या. पण वहिनीले खरं सांगजा, कोणी बिघडवली ते."

सासरे अडकले. इस्त्री नेली तर सुनेला कारण सांगणे आले, आणि सुनेपुढे जावयाची चूक सांगणे त्यांना मरेपर्यंत जमले नसते. लेकीवर खोटे घालणेही जमले नसते. शेजारी उभ्या आमच्या मुलीला हसू आले होते, पण तिने ते दाबले. बराच वेळ ते उपरण्याची घडी मोडत आणि पुन्हा घालत राहिले. मग त्यांनी परसातला सपाट दगड, चुलीतली बारीक चाळलेली राख आणि वाटीभर गोडेतेल मागितले.

राख तेलात कालवून दगडावर पसरली. मी आणि सासरे दगडाच्या दोन बाजूंना बसलो, इस्त्री घासायची मी. मला थेट सांगणे म्हणजे शिकवणे, आणि शिकवणे म्हणजे चूक दाखवणे. म्हणून ते मध्ये उभ्या असलेल्या लेकीला सांगत.

"त्याईले सांग, हात एकाच दिशेनं. मागंपुढं नाई."

"एकाच दिशेनं म्हणतात," ती मला सांगे. मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो.

"सांग, दाबू नका. इस्त्रीच्या वजनानं होते."

"दाबू नका म्हणतात."

अर्ध्या तासानंतर ती सांगायचे विसरली, तरी मी ऐकत होतो आणि ते लेकीकडे बघूनच बोलत होते. सहाशे हात झाले. सतरातले पाच ओरखडे उरले, तेही उथळ. बूड पुसून त्यांनी निखारे भरले आणि उपरणे इस्त्री केले. सूत कुठे अडकले नाही. उपरणे खांद्यावर टाकून त्यांनी इस्त्री स्वतः उचलली, आमच्या कोनाड्यात ठेवली आणि लेकीला विचारले, वहिनीने विचारले तर काय सांगू. ती म्हणाली, चांगली चालते म्हणून सांगा.

दुपारी मी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. बोरगावच्या बाजूने जाणारी मोटारस्टँडची वाट वीस मिनिटांची. ऊन होते. त्या वीस मिनिटांत ते पावसापाण्याचे आणि कापसाचे बोलले. मध्ये सांगायला लेक नव्हती. ते खिडकीपाशी बसले, मी पिशवी वर दिली. मोटार सुरू झाली तेव्हा ते खिडकीतून किंचित बाहेर झुकले.

"सुरी, जवाईबापू?"

"चुकलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि मोटार निघाली.

घरी येऊन सांगितले तर बायकोचा विश्वास बसेना. दोनदा सांगावे लागले. मग ती चुलीपुढे बसून बराच वेळ हसत राहिली आणि म्हणाली, "एक शब्द का होईना, तुमाले बोलले ना."