गोजरबाईची सरकी

कोऱ्हाळ्याच्या गोजरबाईला रिकाम्या हातानं बसता यायचं नाही. बोलता बोलता तिची बोटं पदराचे धागे उपसायची. कापूस वेचून वेचून लागलेली खोड. तिच्या कापसात वाळल्या पाल्याचा कण सापडायचा नाही. शेतात उभी ती कपाशी, बोंड फुटून हाती येतो तो कापूस, त्याच्या पोटातलं बी म्हणजे सरकी आणि शेवटी चुलीत जाते ती पऱ्हाटी. सगळ्याला सरसकट कापूस म्हणणाऱ्यावर ही बाई चिडायची. तान्ह्या पोराला कुणी म्हातारा म्हणतं का, असं विचारायची.

एकोणीसशे पस्तीस-छत्तीसचा सुमार. पाटाखालची जमीन उसानं गिळली होती. पाणी चढत नाही अशी वरची पट्टी तेवढी कपाशीला उरलेली, आणि तिच्यावरही नवऱ्याचा, महिपतीचा डोळा. बी चुकलं की तिथं बाजरी, असं त्यानं सांगूनच टाकलं होतं. बाजारची सरकी म्हणजे दहा गावची भेसळ. म्हणून गोजरबाई सरकी घरीच काढायची, राख लावून मडक्यात ठेवायची आणि उन्हाळाभर दिवसातून दोनदा झाकण उघडून बघायची.

ज्येष्ठात ती तीन दिवस माहेरी, बावड्याला लग्नाला गेली. तिथंही जीव लागेना. परतली ती पाय न धुताच मडक्याकडं. मडकं रिकामं होतं. ती नसताना म्हैस व्याली होती आणि सासूनं, भामाबाईनं, व्यालेल्या जनावराला घालतात तशी सरकी शिजवून घातली होती.

सासूला बोलायची सोय नव्हती. गोजरबाई परसात जाऊन जळणाच्या पऱ्हाटीत न फुटलेली किडकी बोंडं शोधू लागली. दुपार टळेस्तोवर अर्धी ओंजळ सरकी निघाली, तीही निम्मी पोचट. तिला रडू आवरेना, पण हात थांबत नव्हते.

भामाबाई शेजारी येऊन टेकली. मांडीवर तिच्या मरणाच्या तयारीचं गाठोडं. त्यात एक कोरं लुगडं, आणि मेल्यावर दहा दिवस दिवा लावायचा म्हणून वातींसाठी जपलेला घरचा कापूस, सरकीसकट.

"घे," ती म्हणाली. "नवा कापूस येईस्तवर मी काय मरत न्हाय."

दोन-चार ओळींपुरती सरकी निघाली. बाकी पट्टीत महिपतीनं बाजरी टाकली. गोजरबाईची घालमेल मात्र दुप्पट झाली. दिवसा रोपांकडं बघायचं आणि घरी आल्यावर सासूचा खोकला ऐकायचा.

मार्गशीर्षात बोंडं फुटली. पहिल्या वेचणीचा कापूस तिनं सरळ म्हातारीच्या गाठोड्यात बांधला. भामाबाईनं तो चाचपला आणि समाधानानं म्हणाली, "झालं बाई. आता मरायला मोकळी."

गोजरबाईनं गाठोडं ओढून घेतलं, गाठ सोडली आणि कापूस परत आपल्या ओच्यात भरला.

"ह्यात पाला हाय, आत्याबाई," ती म्हणाली. "फुडल्या सालचा ठिवू."