दारही न वाजवणारा दादा

माझ्या आतेभावाइतका बिनआवाजाचा माणूस अख्ख्या वेल्हे तालुक्यात झाला नाही आणि होणार नाही. तोरण्यावरून घरंगळला असता तरी कुणाची झोपमोड न करता घरंगळला असता. पासलीच्या भातखाचरांतून उठून पुण्याच्या प्रयोगशाळेत गेलेला हा दादा तिथे एका विचित्र स्फटिकाचा पृष्ठभाग न्याहाळत असतो. त्या स्फटिकाच्या पोटातून वीज जात नाही, फक्त वरच्या कातडीतून वाहते. आत्याला त्याने ते भाकरी फोडून समजावलं, "हा पापुद्रा बघ आई, सगळा खेळ ह्याच्यात." टोकाला जेमतेम एक अणू उरलेली सुई त्या पृष्ठभागाच्या अगदी लगत, पण न टेकवता फिरवायची. कुणी दार आपटलं की सुई आदळलीच, मेहनत पाण्यात!

ही सवय तो घरीही आणतो. भांडं ठेवताना आधी खाली बोट धरतो. आत्या चुलीपुढून वळते तर हा मागे उभा. "मेल्या, भुतावानी येतोस! कवा आलास?" आणि मी? मी ढोल, मोर्चे आणि पत्रकांतला. मुक्कामाच्या एसटीसाठी काढलेल्या माझ्या पत्रकातली उद्गारचिन्हं त्याने खोडली. "इतके धक्के दिलेस तर मागणी दिसणार कशी?"

यंदा लावणीलाही तो आला नाही. मी फोनवर सरळ सुनावलं, "आई चिखलात वाकलीय आणि तू दगड बघत बसलायस. धिक्कार असो!"

"नमुना आजच फोडलाय रे," तो हळूच म्हणाला. "आतली कोरी कातडी ताजी आहे तोवरच खरं दिसतं."

दुसऱ्या दिवशी आत्या बांधावरून घसरली, पाय मोडला. वेल्ह्याच्या दवाखान्यातून मी त्याला कळवलं. पलीकडे स्टूल कलंडलं, आणि मग दार. धाडकन!

संध्याकाळी तो खाटेपाशी हजर.

"सुई?" मी विचारलं.

"आदळली. नमुनाही खरवडला."

आत्याने त्याचा हात धरला. "घरी येशील तवा बी दार वाजवत जा की रं. कान लावून बसती मी, अन् तू आल्यालं कळतच न्हाई."

तेव्हापासून पासलीला आला की तो दार आपटतो. म्हणजे, आपटायला बघतो. मला अंगणातही ऐकू येत नाही. आत्या मात्र चुलीपुढून न वळताच म्हणते, "आलास व्हय?"