लाल फडक्यातली कादंबरी

कादंबरी वाईट नव्हती, पण भारी मंद होती. तीस पानं झाली तरी तिच्यातली म्हातारी ओट्यावर बसून तांदूळच निवडत होती. कोणी येईना, कोणी जाईना, कोणाचं लग्न जमेना. मी मनात म्हटलं, अगं बाई, तुझ्या तांदळात खडे आहेत तरी किती!

असल्या पुस्तकासाठी लागतो तो धीर तेव्हा माझ्यापाशी उरला नव्हता. सासूबाई अंगणात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. 'इस उमर में नहीं जुड़ेगा,' डॉक्टरनं सांगून टाकलं. नवरा जंगलखात्यात, बैहरला. शनिवारच्या बसनं यायचा, सोमवारी पहाटे परत. बाकी सगळं माझ्याच अंगावर. त्यांना कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, पाठ पुसायची, मग ते धुणं. दुपारी दोन घास पोटात गेले की माझे डोळे आपोआप मिटायचे. नेमकी तेव्हाच खाटेवरून हाक यायची, "वाचते का वं पोरी?"

पुस्तक नवऱ्यानंच गोंदियाच्या स्टेशनवरून आणलेलं. आमचं गाव राज्याच्या सीमेपलीकडं; बाजारात हिंदी, शाळेत हिंदी, शेजारणी हिंदी बोलणाऱ्या. घरात मराठी पुस्तक आलं म्हणून मी हरखून गेले होते. त्याचा पुठ्ठा सुटला, तेव्हा मी ते लाल फडक्यात बांधून ठेवलं आणि तिथंच घोळ झाला. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. लाल फडक्यात असते ती पोथी, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. मी गाठ सोडली की त्या पडल्यापडल्या हात जोडायच्या. प्रकरणाला अध्याय म्हणायच्या.

"आत्याबाई," मी सासूबाईंना सांगितलं, "हे कादंबरी हाय. नुसती गोष्ट. देवाचं काही नाही याच्यात."

"राहू दे. देव येईन मांगून."

चाळिसाव्या पानावर माझा धीर सुटला. "दहा पानं सोडू का? ही बाई काही उठत नाही."

"काहून उठन? निवडू दे तिले. कोणता तांदूळ हाय? चिन्नोर?"

"लिहिलं नाही."

"मंग लिहिणाऱ्याले भूक लागली नसन."

मला हसू आलं नाही. मी फडकं बांधत म्हटलं, "ठेवूनच देते हे. शनिवारी दुसरं आणायले सांगते, जरा भरभर चालणारं."

त्या एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "लावलेली पोथी मधात सोडत नाही पोरी. पोथी लागून असते ना घरात, तोवर यम उंबरठा वलांडत नाही. मले भेव लागते."

चिडच आली मला. घ्या! आता कंटाळायचीही चोरी. एका रटाळ कादंबरीवर माणसाचा जीव टांगलेला, आणि ती वाचायची कोणी, तर जिला पापणी उघडी ठेवता येत नाही तिनं. पण त्या हाताची पकड मला जाणवली होती. मी गाठ पुन्हा सोडली.

मग रोज दुपारी वाचत राहिले. पुढं केव्हातरी पुस्तकातल्या म्हातारीचा मुलगा परत आला, भांडणं झाली, गोष्टीनं वेग घेतला. मला त्याचं काही वाटेना, मी आपली ओळी ओढत होते. सासूबाई वाळत चालल्या होत्या. वाचता वाचता त्यांचा डोळा लागायचा. मी थांबले की लगेच जाग यायची, म्हणून थांबायचीही सोय नव्हती.

शेवटचं प्रकरण उरलं त्या दिवशी त्यांना वळवताना माझ्या कमरेत अशी उसण भरली की मी खाटेच्या पायाशी बसलेच. रडूही आलं. त्या बघत होत्या.

"एकच अध्याय राह्यला ना?"

"हौ."

"वाच मंग आज. होऊन जाऊ दे समाप्ती." मग म्हणाल्या, "तुही कंबर मोडली वं माह्यापायी. मले आता भेव नाही लागत."

खोटं बोलत होत्या. खाटेची कड गच्च धरली होती त्यांनी. मी फडकं सोडलं, शेवटचं प्रकरण काढलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. किती दिवस मला या पुस्तकातून सुटायचं होतं! आणि आता मी सगळी पानं उलटी फिरवली आणि पहिलं पान उघडलं.

"समाप्ती अशी नाही होत, आत्याबाई. सुरुवातीले तुम्ही झोपल्या होत्या."

"मी? झूट नको बोलू. एक अक्षर नाही सोडलं मी."

"झोपल्या होत्या. घोरत होत्या. तेवढं परत वाचावं लागते, नाही तं दोष लागते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले. मी वाचायला लागले. म्हातारी पुन्हा ओट्यावर येऊन बसली, सूप पुढं ओढलं.

"सावकाश वाच," सासूबाई म्हणाल्या. "लय खडे हायेत तिच्या तांदळात."