सव्वा मूठ गहू

आमचं घर चोपड्याजवळ. श्रावणात घरी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याचे रोट करायला घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घेतात. रोट खायचा तो फक्त कुळातल्यांनी. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा देत नाहीत.

चुलतभाऊ मला 'धुळ्याचा पाहुणा' म्हणायचे. आई सांगायची, तू धुळ्याच्या दवाखान्यात झालास ना, म्हणून. पण मी आत गेलो की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या आणि भाजी निवडायला लागायच्या. शेजारची अक्का हनुवटी धरून विचारायची, "कोनावर गया रे तू?" मग मी लग्नाच्या अल्बममध्ये माझं नाक शोधत बसायचो.

आठवीत होतो तेव्हा मुद्दाम परातीजवळ बसलो. घरात सात माणसं. आबा, म्हणजे मोठे काका, एकेक नाव घेऊन गहू टाकत होते. सहा नावं झाली आणि त्यांनी हात झटकले.

आई आबांसमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी पदर सावरून म्हणाली, "आबा, एक मूठ राह्यनी."

आबा म्हणाले, हे कुळाचं काम आहे, तू मध्ये पडू नकोस.

"दत्तक लिधेल शे, चोरी नही आनेल. त्याना नावनी टाका, नहीतं मनी मूठ बी काढी ल्या."

'दत्तक' हा शब्द घरात मी पहिल्यांदा ऐकला. वडील उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं सव्वा मूठ परातीत टाकली. त्याआधीच्या वर्षांत माझी मूठ पडत होती का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

नंतर वर्षभरात शाळा सुटली. आता हैदराबादला फर्निचरच्या कामावर आहे. यंदा सुट्टी मिळाली नाही, म्हणून आईनं गहू मोजतानाचा व्हिडिओ पाठवला. आबा गेल्यापासून थोरला चुलतभाऊ मोजतो. घरात आता नऊ माणसं. आठ नावं झाली आणि तो थांबला. माझं अजून आलं नव्हतं.

त्यानं कपाळाचा घाम पुसला नि परत पोत्यात हात घातला. त्यानं तोंड उघडायच्या आत मागून आईनं माझं नाव घेतलं होतं.