बर्फात गोलपोस्टपाशी

आमच्या ओळखीच्या मराठी घरांत थंडीच्या कपड्यांची एक बॅग फिरत असते. ती मूळची कुणाची, हे आता कुणालाच सांगता येत नाही. सिंगापुरात लोकरी टोपीचा उपयोग शून्य, म्हणून थंड देशात निघालेल्यानं ग्रुपवर विचारायचं, 'बॅग सध्या कुणाकडे आहे?' आणि जाऊन घेऊन यायची. परत करताना तिच्यात एखादी वस्तू वाढलेली असते. गेल्या डिसेंबरात ती आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये आली. घेऊन आले ते शेजारच्या ब्लॉकमधले काका. जन्मभर जहाजावर इंजिनिअर होते, गोठलेली बंदरं पाहिलेला माणूस. त्यांनी वर स्वतःचे जाड मोजे ठेवले होते.

"पायांना जप," ते मला म्हणाले. "डोक्याची काळजी नको. पुण्याचं डोकं, ते आपोआप तापलेलं असतं."

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये माझी बायको गेली. त्यानंतर माझी थट्टा करणारे ते बहुधा पहिलेच. मी हसलो, आणि माझंच हसणं मला अनोळखी वाटलं.

निघालो होतो मी आणि माझी मुलगी. ती शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. उत्तर जपानमधल्या एका शाळेशी त्यांच्या शाळेचा संबंध आहे, आणि तिथल्या मुली हिवाळ्यात बर्फावरच खेळतात. संघ तिथे खेळायला चालला होता आणि सोबत दोन पालक चालणार होते. आमच्या घरी अभ्यास हे माझं खातं आणि फुटबॉल तिच्या आईचं. शनिवारी त्या दोघी मैदानावर जायच्या आणि मी घरी वाचत बसायचो, कुणाचीच तक्रार नव्हती. आता मुलीनं सांगून टाकलं होतं, "बाबा, धिस इज द लास्ट वन. मग मी थांबणार." कोचनी तिला इतकंच म्हटलं होतं, की जपानची मॅच होऊ दे, मग पक्कं सांग.

तिनं थांबू नये असं मला वाटत होतं. पण ते पटवून द्यायला माझ्याकडे एक धड वाक्य नव्हतं. ती थांबली तर शनिवार कसा जाईल, ते मला दिसत होतं. दोघं दोन खोल्यांत, दोन्ही दारं लोटलेली.

मॅचच्या सकाळी मी तिला बॅगेतलं जवळजवळ सगळं चढवलं. आतला गरम सूट, त्यावर दुसरा, मग स्वेटर, मग जर्सी. कॅप्टन म्हणजे सेरंगूनला राहणारी एक उंच चिनी मुलगी. ती बघून सिंगापुरी 'लाह' लावत ओरडली, "अंकल, शी इज अ स्टीम्ड बन, लाह!" मुलीनं हात वर करून दाखवले. ते खांद्यापलीकडे जात नव्हते. कोच मलाय बाई, शांत स्वभावाच्या. त्यांनी तिचे दोन थर उतरवून माझ्या हातात दिले.

मग आम्ही मैदानाकडे वळलो आणि मी जागच्या जागी थांबलो.

पुस्तकांतून मी भरपूर बर्फ वाचला आहे. तो पडू लागला की सगळा आवाज बसतो, हे मात्र एवढ्या वाचनातून मला कळलं नव्हतं. रस्ता जवळच होता, गाड्या जाताना दिसत होत्या, पण ऐकू येत नव्हत्या. आकाश आणि जमीन एकाच रंगाची, मधली रेघच नाही. त्या पांढऱ्यात तिथल्या शाळेच्या मुली खांद्याला खांदा लावून ओळीनं चालत होत्या, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायांनी बर्फ दाबून त्या मैदान तयार करत होत्या. आमच्या मुली थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्याच ओळीत शिरल्या. त्यांच्यामागून एक म्हातारे गृहस्थ झारीतून लाल पाणी सांडत सीमारेषा आखत चालले होते.

आमच्याकडे सिंगापुरात वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की मैदान रिकामं होतं. बर्फ दाट झाला तेव्हा माझे कान त्या भोंग्याची वाट बघू लागले. आता कुणीतरी थांबवेल, असंच वाटत होतं. तेवढ्यात मॅच सुरूदेखील झाली.

चेंडू केशरी होता. परातीतल्या पिठात लिंबू पडावं तसा तो पडायचा आणि तिथेच बसायचा, उसळीचं नाव नाही. आमच्या मुली उसळीच्या अंदाजानं पुढे धावायच्या आणि चेंडू मागेच राहायचा. तिथल्या मुली मात्र बर्फाखालून पाय घालून तो अलगद उचलायच्या. पहिला गोल असाच झाला. माझी मुलगी चेंडू येईल म्हणून वाकली होती, आणि तो तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलेला होता. दुसरीनं येऊन तो आत ढकलला. मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गोलकीपरला पळायलाही मिळत नाही. ती एकटीच त्या पांढऱ्यात, आणि मला वाटलं, संपलं. मनातून ती आत्ताच थांबली.

आणि मग मी ते ऐकलं. मैदानाच्या मध्यातून, त्या दबलेल्या हवेतून, स्पष्ट: "आली, आली, आली! धर!"

मी आधी इकडेतिकडे पाहिलं. माझ्याशिवाय मराठी माणूस कोण असणार तिथे? पुन्हा आवाज आला. ओरडत होती कॅप्टन. डाव्या बाजूची मलाय मुलगी उत्तरली, "सोडू नको! अगं, पळ!" उच्चार वाकडे, पण हेल तोच. ओरडताना शेवट वर उचलायची सवय, ती एकाच बाईची होती. ती बाई माझ्या घरात अठरा वर्षं होती. माझ्या हातातले कपडे खाली बर्फात पडले ते मला नंतर कळलं.

मध्यंतरात मुली एकमेकींना चिकटून गरम चहा पीत होत्या. त्यांच्या डोक्यांतून वाफ निघत होती. मी मुलीला विचारलं.

"आई ओरडायची ना," ती म्हणाली. "सगळ्यांना पाठ आहे. समोरच्यांना कळत नाही, सो व्हेरी यूजफुल."

"कधीपासून?"

"ऑल अलाँग, बाबा."

मलाय मुलगी मध्येच म्हणाली, "अंकल, 'गाढव' मीन्स रिस्पेक्टेड रेफरी, राइट? आंटी टोल्ड अस."

"हो," मी म्हणालो. "फारच आदराचा शब्द आहे."

माझी मुलगी चहा सांडेपर्यंत हसली. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि कॅप्टननं तिच्या पाठीवर इतका जोरात गुद्दा घातला की ती दोन पावलं पुढे गेली. "कम, स्टीम्ड बन. सेकंड हाफ."

दुसऱ्या सत्रात बर्फ एवढा पडत होता की पलीकडचा गोल दिसेना. दिसत होता फक्त केशरी ठिपका, आणि त्याच्यासोबत सरकणारे आवाज. मुलगी आता त्या आवाजांवर खेळत होती. 'आली' ऐकलं की ती पुढे झेपावायची, चेंडू दिसण्याच्या आधीच. एकदा ती अशी आडवी उडाली की तिच्याभोवती पांढरा लोट उठला. तो खाली बसेपर्यंत मला काही कळेना. मग ती दिसली, चेंडू पोटाशी धरून पडलेली. समोरच्या संघाच्या मुलींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या, हातमोज्यांतल्या हातांचा मऊ आवाज. माझ्या पायांची जाणीव केव्हाच गेली होती. एवढं मोठं काही मी उभ्यानं कधी पाहिलं नव्हतं. खरं तर शाळेतल्या मुलींची एक मैत्रीची मॅच होती, आणि ती आम्ही हरलो.

शिटी झाल्यावर तिथल्या मुलींनी दोन्ही संघ मिसळून पुन्हा खेळ मांडला. कोच माझ्याजवळ आल्या. "तिनं तुम्हाला काही सांगितलं?"

"नाही. तिलाच विचारा."

कोचनी तोंडाभोवती हात धरून तिला हाक मारली. बर्फातून उत्तर आलं, "कोच, लेटर लाह! वी आर प्लेइंग!"

कोच माझ्याकडे न बघता हसल्या. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

परतीच्या बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली. तिनं हातमोजे काढून मांडीवर ठेवले. ते भिजून, मग गोठून लाकडासारखे झाले होते. एकाची शिवण उसवली होती. बराच वेळ तिनं ती शिवण चाचपून पाहिली.

"बाबा, हे गेले. नवीन लागतील."

"सेरंगूनच्या मॉलमध्ये बघू," मी म्हणालो.

"शनिवारच्या आधी हं," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.