नायलॉनचे टाके

कारखान्यात तो साधा टाकीवाला, पण घरी शास्त्रज्ञ. पेंढा आणि लाकडाचा भुसा फोडून त्यांची साखर करायची आणि साखरेचं इंधन, असा कारखान्याचा धंदा. ही फोडाफोड करणारं एन्झाइम एका बुरशीकडून बनवून घेत. तिच्या जनुकांत फेरफार करून प्रयोगशाळेतल्या लोकांनी तिला चांगलंच कामाला जुंपलं होतं. ह्याचं काम एवढंच, की टाकीचं तापमान सांभाळायचं आणि फेस वर आला की तो मारायचा. पण जेवायला बसला की "आमचं एन्झाइम" असं काही रंगवून सांगायचा, की बायको म्हणायची, "जेवण गार होतंय, शास्त्रज्ञ."

त्याची आई अलीकडे विसरायला लागली होती. एकदा गॅस चालूच राहिला, तेव्हापासून सुनेने गोडीगुलाबीने स्वयंपाकघर काढून घेतलं. हातात उरलं ते शिवण. जुन्या सुती शर्टांचे चौकोन जोडून तिने नातीसाठी पांघरूण शिवलं. नात म्हणाली, "टोचतं."

झालं, ह्याला चेव आला. "जीन्स मऊ करायला असलंच एन्झाइम वापरतात. अर्ध्या तासात लोणी करून सगळ्यांना थक्क करतो!" असं त्याने मनाशीच ठरवलं. कारखान्यातून एक बाटली बिनबोभाट घरी आली. बादलीत गरम पाणी, चमचाभर व्हिनेगर, वर एन्झाइम, सगळं अंदाजपंचे. पांघरूण बुडवतोय तोच फोन आला, टाकी उतू चाललीय. तो तसाच धावला आणि बादली पार विसरला.

संध्याकाळी परतला, तर आई बाथरूममध्ये स्टुलावर बसलेली. कपडा भिजलेला दिसला म्हणून तिने सवयीने चोळायला घेतला होता, आणि चोळला तसा हातात लगदा आला. सुती कापड म्हणजे पेंढ्याचंच भाऊबंद. एन्झाइमला दोन्ही सारखेच. दोरा तेवढा नायलॉनचा, म्हणून चौकोनांची रिकामी जाळी उरली होती. एकही टाका सुटला नव्हता.

"आई, ब्लीच ओतलंत का यात?" बायकोने विचारलं.

"ओतलं असेल गं. आठवत नाही."

बाटली त्याच्या पिशवीत होती. चोरीचा माल, नोकरीवर गदा येईल, अशी कारणं भराभर सुचली. खरं कारण वेगळंच होतं. लेक समोर उभी होती आणि तिच्या डोळ्यांदेखत शास्त्रज्ञाचा गाढव झाला असता.

"जाऊ दे, आई," तो म्हणाला. "वय झालं की होतं असं."

ह्या वाक्याची त्याला पुढे सतत लाज वाटत राहिली, आणि वाटायलाच हवी होती.

आईने सुईदोऱ्याचा डबा सुनेच्या हवाली केला. "माझ्या हातांचा आता भरवसा नाही," एवढंच म्हणाली. मग ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहू लागली. चहाचा कपसुद्धा कुणी हातात दिल्याशिवाय घेईना. इकडे कारखान्यात नव्या एन्झाइमचं कौतुक चाललं होतं, काय जोरदार आहे म्हणून. तो मान खाली घालून फेस मारत राहायचा.

शेवटी एका रविवारी त्याने तिघींना बसवलं, बाटली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. लेकीने त्याच्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. त्याला धरणी दुभंगावी असं झालं.

आई मात्र हसली. "किती जीव लावतोस रे! मला बरं वाटावं म्हणून चोरीसुद्धा अंगावर घेतलीस."

"आई, खरंच मीच केलं ते."

"असू दे. तू तर तेव्हा कामावर होतास. एवढं आठवतंय मला."

तो पुढे काही बोलणार, तोच ती म्हणाली, "जरा तो पाण्याचा पेला दे बरं."

पेला तिच्या हातापाशीच होता.