कमलला मुरारला ठेवलं तो महिना

देवावर माझी श्रद्धा होती, पण भरवसा नव्हता. बाजारात बसणाऱ्या बाईला हा फरक कळतो. दौलतगंजातलं पापड-मसाल्याचं दुकान मी एकटीनं उभं केलं. वडील संस्थानच्या फौजेत हवालदार होते. ते गेले तेव्हा माझ्या पदरात एक लहान भाऊ आणि एक बहीण होती. भावाला शिकवलं, तो कारकून झाला. बहीण कमल लहानपणी मेंदूज्वरातून वाचली, पण कमरेखालचं बळ गेलं आणि समज तिथंच थांबली. तिची आंघोळ, वेणी, जेवणाचा घास, सगळं माझ्या हातानं. पुढे संस्थान विलीन झालं, मग राज्यच नव्यानं आखलं गेलं, राजधानी भोपाळला गेली आणि भावाची कचेरी त्याच्यासकट तिकडे हलली. त्याच सुमारास माझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका, आणि नंतर महिनाभर कुणाला उचलायचं नाही. भावाला लिहिलं. उत्तर आलं, क्वार्टर लहान आहे, तूर्त जमणार नाही. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. प्रेमानं नव्हे.

शहराबाहेर मुरारला अपंग आणि असहाय लोकांसाठी सरकारी आश्रम होता. जुन्या राजवटीत घरात आजारपण आलं की तिथं माणसाला महिना-पंधरा दिवस ठेवून घेत, असं आई सांगायची. मी शहरातल्या लष्कर भागातल्या सरकारी कचेरीत खेटे घालू लागले. कारकुनाचं एकच पालुपद होतं, ‘बाई साहब, वह महकमा अब रहा नहीं. नया बना है, फ़ाइलें भोपाल में हैं.’ चौथ्या खेपेला त्यानं एक फॉर्म पुढे सरकवला.

‘इसमें लिख दीजिए कि लड़की निराश्रित है, उसका कोई नहीं. हमेशा के लिए रख लेंगे.’

‘हमेशा के लिए किसने कहा? एक महीना माँग रही हूँ.’

‘एक महीने वाला काग़ज़ अभी आया नहीं.’

‘और मैं सामने खड़ी हूँ, तो मैं कौन हूँ उसकी?’

फॉर्मचे दोन तुकडे करून मी त्याच्याच टेबलावर ठेवले. बाहेर आल्यावर पोटात अशी कळ आली की भिंतीला टेकून उभी राहिले. इस्पितळात पुढच्या सोमवारची खाट मिळाली होती. ती सोडली तर पुन्हा कधी मिळेल, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

घरी येऊन मी बाळकृष्ण पाण्यात ठेवला. आमच्याकडे फार अडलं की असं करतात. देवाला पाण्यात बुडवून ठेवायचं आणि काम झाल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. त्याला सांगितलं, ‘सोमवारच्या आत जागा दे, नाहीतर बस असाच.’ देवाशी असं बोलू नये हे मला कळत होतं, पण मला दुसरं बोलणं येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून परतले तर तांब्याचं पातेलं रिकामं. कमल बसल्या बसल्या सरकत देवघरापर्यंत गेली होती. बाळकृष्ण तिच्या मांडीवर होता आणि ती पदरानं त्याचं डोकं, कानाच्या मागे, काखेत पुसत होती. ‘गार, अक्का,’ एवढंच म्हणाली. मी रागावले आणि देव परत पाण्यात ठेवला. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी दारातच थांबून पाहिलं. पुसताना ती पुटपुटत होती, ‘झालं हं, झालं.’ मी तिला न्हाऊ घालताना जे म्हणते, ते. जिला महिनाभर कुठे ठेवू म्हणून मी देवाला कोंडून बसले होते, तीच त्याची आंघोळ उरकून त्याला कोरडं करत होती. मी खाली बसले. बराच वेळ रडले. त्यानंतर देवाला पाण्यात घातलं नाही. म्हटलं, ‘आता तुझी मर्जी. मी चालत राहते.’

शनिवारी सकाळी टांगा केला आणि कमलला घेऊन थेट मुरारला गेले. आजवर मी फक्त कागद नेले होते, तिला कुठेच नेलं नव्हतं. लोक बघतील, हळहळतील, ते मला सोसत नसे. आश्रमाचे अधीक्षक माणूस म्हणून वाईट नव्हते, घाबरलेले होते. वरून आदेश नाही, उद्या चौकशी झाली तर नोकरी जाईल, हेच ते फिरवून फिरवून सांगत राहिले. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण आवाज चढला की कमल कान झाकून ओरडते, आणि ती माझा हात धरून बसली होती. म्हणून मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात असं फार वेळा घडलेलं नाही.

त्या शांततेत कोपऱ्यातल्या बाकावरचा एक म्हातारा बोलला. तो इथलं कोठार सांभाळणारा जुना भांडारी, पेन्शनच्या कागदावर सही घ्यायला आला होता. ‘साहब, पालक बीमार हो तो एक महीना अधीक्षक अपने दस्तख़त से रखता था. और नया हुक्म तो यही कहता है ना, नए क़ायदे बनने तक पुराने चलेंगे?’ अधीक्षकांनी कपाटातून जुनं नियमांचं पुस्तक काढलं. बोट ठेवून दोनदा वाचलं. मग पेन उचललं.

मी म्हाताऱ्याचे आभार मानायला गेले. तो हसला. ‘पहचाना नहीं? आपने एक बार मुझे दुकान से उतार दिया था. दो पैसे कम करवा रहा था.’

‘फिर भी बोले?’

‘आज आप चुप थीं, बहनजी. बोलने की जगह मिल गई.’

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. हे कुणी कसं घडवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की माझा सगळा जोर लावून जे दार हललं नाही, ते मी हात खाली घेतल्यावर उघडलं. चालत मात्र राहावं लागलं. मुरारपर्यंत टांगा देवानं आणला नव्हता.

महिन्यानं कमलला आणायला गेले तेव्हा जेवणाची पंगत चालू होती. ती ओळीत बसली होती, थाळी पुढ्यात, आणि डाव्या हातानं थाळी धरून उजव्या हातानं भात खात होती. अर्धा सांडत होता, अर्धा तोंडात जात होता. इतकी वर्षं तो घास मी भरवला होता, तिला जमेल का हे एकदाही न बघता. मी घाईनं पुढे झाले. तिनं मान वर करून मला पाहिलं, ओळखीचं हसली, आणि भातानं माखलेला हात उचलून म्हणाली, ‘थांब.’

मी भिंतीशी जाऊन बसले. तिचं जेवण व्हायला पाऊण तास लागला.